अडले आहे ते नेमके कुठे?





या पाठात आपण अडकलेपणाचा विचार करणार आहोत. त्यातून बाहेर पडण्यासाठी मनाची जी ठेवण लागते तिला इंग्रजीत 'ग्रोथ माइंडसेट' म्हणतात. भाषांतर करायला बसले की 'विकासशील मानसिकता', 'वृद्धीची मनोभूमिका' असे शब्द समोर येतात, पण ते सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखे वाटतात. 'वर्धिष्णू' हा शब्द मात्र शिवरायांच्या राजमुद्रेमुळे आपल्या ओळखीचा आहे. तिथे तो प्रतिपदेच्या चंद्रकोरीसोबत येतो. प्रतिपदेची कोर जेमतेम दिसते न दिसते. ती लहान आहे हे खरेच, पण ती वाढती आहे हेही तितकेच खरे. म्हणून या पाठात आपण 'वर्धिष्णू वृत्ती' हाच शब्द वापरू.

अडकलेपण म्हणजे काय हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. तुम्ही रोज ध्यानाला बसता, पण दोन वर्षांपूर्वी मन जिथे भरकटत होते तिथेच आजही भरकटते. परीक्षेचा तिसरा प्रयत्न आहे आणि त्याच विषयात पुन्हा तेवढेच गुण पडतात. घरात त्याच माणसाशी तोच वाद त्याच वाक्यापासून सुरू होतो. मग एक दिवस आपण म्हणतो, 'माझा स्वभावच असा आहे', 'मला हे जमणारच नाही', 'या वयात आता काय बदलणार?'

ही वाक्ये नीट ऐका. ती वर्णनासारखी वाटतात, पण खरे तर तो निकाल असतो. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे मला इथे ताळेबंद आठवतो. ताळेबंदाच्या माथ्यावर नेहमी एक तारीख असते: अमुक दिनांक रोजीचा. त्या एका दिवशी काय शिल्लक आहे आणि काय देणे आहे, एवढेच तो सांगतो. पुढच्या वर्षी काय होईल हे सांगणे त्याचे कामच नाही. 'मला जमत नाही' हा आजच्या तारखेचा ताळेबंद आहे. 'मला जमणारच नाही' म्हणताना आपण माथ्यावरची तारीख खोडून टाकलेली असते.

संशोधन काय सांगते

या वृत्तीला नाव दिले ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी. त्यांचे 'माइंडसेट' हे पुस्तक २००६ मध्ये आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपली क्षमता जन्मतःच ठरलेली आहे असे मानणारा माणूस अपयशाकडे स्वतःवरचा शिक्का म्हणून पाहतो, आणि क्षमता वाढू शकते असे मानणारा त्याच अपयशाकडे माहिती म्हणून पाहतो. शिकागोतल्या एका शाळेचे उदाहरण त्या देतात. तिथे एखाद्या विषयात मूल कमी पडले तर प्रगतिपुस्तकावर 'नापास' असे न लिहिता 'अजून नाही' असे लिहीत.

हे ऐकायला फार छान वाटते, आणि इथेच सावध व्हायला हवे. भिंतीवर सुविचार लावून गुण वाढत नाहीत. २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना संगणकावर एकूण तासाभरापेक्षाही कमी वेळाचा पाठ दिला होता. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण त्यानंतर वाढले, पण थोडेसेच: ४ पैकी मोजल्या जाणाऱ्या सरासरीत ०.१ इतके. जिथे वर्गातल्या सोबत्यांनाही अवघड प्रश्न अंगावर घ्यायची सवय होती, तिथे परिणाम अधिक दिसला. म्हणजे वृत्ती बदलल्याने फरक पडतो, पण ती जादूची कांडी नव्हे, आणि संगत कशी आहे याला मोठे महत्त्व आहे. ड्वेक यांनी स्वतःही बजावले आहे की नुसते 'खूप मेहनत घेतलीस, शाबास' म्हणणे म्हणजे वर्धिष्णू वृत्ती नव्हे. मेहनत करूनही काम पुढे सरकत नसेल तर पद्धत बदलावी लागते आणि मदत मागावी लागते.

ही पद्धत बदलायची कशी? त्यासाठी एका माणसाची गोष्ट सविस्तर पाहू.

वाळकेश्वर ते कैसरबाग

लखनौच्या मराठी माणसाला हे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. आम्ही राहतो त्या अलीगंजमधून गोमती ओलांडून कैसरबागेत गेले की भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय लागते. अवधच्या राजधानीत, ठुमरी आणि कथकच्या या शहरात, संगीताच्या विद्यापीठाला एका मराठी वकिलाचे नाव आहे.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. ते १८८५ मध्ये बी.ए. झाले आणि १८८७ मध्ये एल्‌एल.बी. त्यांनी वकिली केली. गाण्याची आवड लहानपणापासूनच होती. सतार शिकले, आणि १८८४ मध्ये मुंबईतल्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. तिथे त्यांना नामवंत गवयांकडून ध्रुपदे आणि ख्याल शिकायला मिळाले.

घोडे पेंड खाऊ लागले ते इथून पुढे. एखादा राग असाच का गातात, त्यात हा स्वर का वर्ज्य, असे ते विचारत, तेव्हा प्रत्येक उस्तादाचे उत्तर वेगळे असे. आमच्या घराण्यात असेच शिकवले, यापुढे बोलणे जात नसे. मग त्यांनी ग्रंथांकडे मोर्चा वळवला. तेराव्या शतकातला 'संगीतरत्नाकर' आणि त्यानंतरचे ग्रंथ उघडले, तर त्यांतले राग आणि मैफलीत ऐकू येणारे राग जुळेनात. गाणाऱ्यांना शास्त्र सांगता येत नव्हते आणि शास्त्र आजच्या गाण्याविषयी बोलत नव्हते.

अशा ठिकाणी माणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. 'हे आपल्या बुद्धीपलीकडचे आहे' म्हणून सोडून देतो, नाहीतर त्याच ग्रंथाची तीच पाने आणखी जोराने वाचत राहतो. भातखंड्यांनी प्रश्नच बदलला. रागाचे नियम ग्रंथाप्रमाणे काय असायला हवेत, हे विचारण्याऐवजी आज लोक प्रत्यक्षात काय गातात ते आधी गोळा करू, मग त्यातून नियम काढू, असे त्यांनी ठरवले.

इथे एका शब्दाची ओळख करून घ्या, कारण या पाठाचा गाभा त्यातच आहे. 'लक्ष्य' म्हटले की आपल्याला ध्येय, नेम धरायची जागा आठवते. संगीतशास्त्रात मात्र 'लक्षण' म्हणजे ग्रंथातला नियम, आणि 'लक्ष्य' म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेली गोष्ट, आज जे गायले जाते ते. भातखंड्यांनी 'चतुर पंडित' या टोपणनावाने जो संस्कृत ग्रंथ लिहिला त्याचे नाव 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. जे आहे त्याचे शास्त्र, असा त्या नावाचा रोख आहे.

प्रत्यक्षात काय आहे ते पाहायला घराबाहेर पडावे लागते. ते १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, पुढच्या काही वर्षांत नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, आणि १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ असा उत्तरेचा दौरा केला. ते जातील तिथे गवयांना आणि पंडितांना भेटत, प्रश्न विचारत आणि रोजनिशीत नोंदी ठेवत. दक्षिणेत त्यांना व्यंकटमखीची बहात्तर मेळांची पद्धत अभ्यासता आली आणि त्यातून उत्तरेच्या रागांची मांडणी दहा थाटांत करण्याची दिशा मिळाली. मुंबईत बसून जी गाठ सुटत नव्हती तिचा एक धागा तमिळ मुलखात सापडला. 'हा माझा प्रांत नाही' असे म्हणून ते घरी बसले असते तर तो हाती लागला नसता.

या प्रवासांच्या आधीच १९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे आणि १९०३ मध्ये मुलीचे निधन झाले होते. पुढे त्यांनी वकिली सोडली. त्यांच्या मनात काय चालले होते याचे अंदाज आपण बांधू नयेत. पण या निमित्ताने एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दुःख म्हणजे अडकलेपण नव्हे. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, किंवा ज्यांना महिनोन्‌महिने झोप नाही, भूक नाही, कशातच रस वाटत नाही, अशांना 'वृत्ती बदला' असे सांगू नका. पहिल्याला वेळ आणि सोबत हवी असते, दुसऱ्याला डॉक्टर. साधना दोघांनाही आधार देईल, पण उपचारांची जागा ती घेणार नाही.

पुन्हा विद्यार्थी होणे

मला स्वतःला भातखंड्यांच्या चरित्रातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग रामपूरचा वाटतो. रामपूर दरबारचे वझीर खाँ हे तानसेनाच्या परंपरेतले थोर कलावंत. त्यांच्याकडची विद्या मिळावी म्हणून भातखंड्यांनी रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचे शागीर्दत्व पत्करले. तोपर्यंत ते नावाजलेले पंडित होते, ग्रंथकार होते. विद्वत्तेचा दबदबा निर्माण झाल्यावर दुसऱ्याच्या पायाशी विद्यार्थी म्हणून बसणे सोपे नसते.

स्वतःला विचारून पाहा. शेवटचे 'मला हे येत नाही, शिकवाल का?' असे तुम्ही कोणाला आणि कधी म्हणालात? कोणाला म्हणजे आपल्याहून मोठ्याला नव्हे. आपल्याहून लहान असलेल्याला, मुलीला, सुनेला, कार्यालयात नव्याने आलेल्या मुलाला. बऱ्याच वेळा आपण अडकतो ते क्षमता संपल्यामुळे नव्हे, तर शिकणाऱ्याच्या जागेवर बसायची लाज वाटल्यामुळे. दहा वर्षे सत्संगाला येणाऱ्याला 'माझे मन ध्यानात पाच मिनिटेही टिकत नाही' हे नवख्यासमोर बोलणे जड जाते. मग तो बोलत नाही, आणि ती पाच मिनिटे दहा वर्षे पाचच राहतात.

भातखंड्यांचे मराठीतले मोठे काम 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हे सारे गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिलेले आहे. पहिला भाग १९१० मध्ये आला, चौथा १९३२ मध्ये. पहिल्या आणि शेवटच्या भागात बावीस वर्षांचे अंतर, आणि शेवटच्या वेळी लेखकाचे वय ७२. 'या वयात आता काय' हे वाक्य पुढच्या वेळी जिभेवर आले की हे आकडे आठवा.

सगळे त्यांच्या मनासारखे झाले असे मात्र नाही, आणि ते लपवून गोष्ट गोड करण्यात अर्थ नाही. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. साऱ्या देशासाठी एक संगीत अकादमी उभारायची कल्पना त्यातून पुढे आली, पण त्यांना हवी होती तशी ती उभी राहिली नाही. श्रुतींवर वाद झाले. दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत ही टीका तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. मोठी संस्था होईना तेव्हा त्यांनी जिथे दार उघडे दिसले तिथे काम केले. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. चौथी आणि पाचवी परिषद लखनौला भरली, आणि राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये इथे मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक उघडले. त्या वेळी भातखंडे ६६ वर्षांचे होते. पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते अनेक वर्षे सांभाळले. आजचे विद्यापीठ त्यातूनच वाढले. 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांमुळे घराण्यांत बंदिस्त असलेल्या शेकडो बंदिशी सामान्य घरातल्या मुलामुलींच्या हाती आल्या.

आपल्या साधनेत 'लक्ष्य' कसे पाहावे

आता तुमच्याकडे वळू. 'मी अडकलो आहे' हे फार ढोबळ वाक्य आहे. एवढ्यावर कोणालाच उपाय सांगता येणार नाही. योगसूत्रांच्या पहिल्या पादात पतंजलींनी चित्ताच्या विक्षेपांची नऊ कारणे मोजली आहेत. त्यांतली तीनच इथे पाहू. 'स्त्यान' म्हणजे मनाला आलेले जडपण, कामाला हात घालावासाच न वाटणे. 'अलब्धभूमिकत्व' म्हणजे प्रयत्न करूनही पुढची पायरी हाती न लागणे. 'अनवस्थितत्व' म्हणजे पायरी मिळते, पण तिच्यावर टिकता येत नाही. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. पण सुरुवातच न करणाऱ्याला काम लहान करून द्यावे लागते, पायरी न मिळणाऱ्याला पद्धत बदलावी लागते किंवा शिकवणारा शोधावा लागतो, आणि न टिकणाऱ्याला बहुधा दिनक्रमाकडे पाहावे लागते. तिघांनाही 'जोर लावा' म्हटले तर एखाद्यालाच फायदा होईल.

आमच्या अलीगंजच्या छोट्या स्वाध्याय गटात एका काकूंना वाटे की त्यांची साधना गेली तीन वर्षे 'पूर्ण थांबली' आहे. त्यांना आठ दिवस नुसत्या नोंदी ठेवायला सांगितल्या: किती वाजता बसलात, मन पहिल्यांदा कधी निसटले, कशावर गेले. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "थांबलंय कुठे? सकाळी बसते तेव्हा छान होतं. रात्री बसते तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा विचार येतो." तीन वर्षांचे ओझे रात्रीच्या अर्ध्या तासाचे निघाले. प्रत्येकाचे इतक्या सहज निघेल असे नाही, पण पाहिल्याशिवाय कळणार कसे?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी जरा वेगळे बोलते. आमच्या हिशेबशास्त्रात 'बुडीत खर्च' ही कल्पना आहे. जो पैसा गेला आणि परत येणार नाही, त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. 'याच पद्धतीने चार वर्षे अभ्यास केला, आता कशी सोडू?' असे वाटते तेव्हा ती चार वर्षे बुडीत खर्चासारखी वागत असतात. त्या वर्षांत शिकलात ते तुमचेच आहे, ते कुठे जात नाही. प्रश्न फक्त उद्याच्या सकाळी काय करायचे एवढाच आहे. आणि कधी कधी उत्तर 'ही परीक्षा सोडून दुसरे काही' असेही असू शकते. वर्धिष्णू वृत्ती म्हणजे एकाच भिंतीवर आयुष्यभर डोके आपटणे नव्हे.

अलीगंजचे जुने हनुमान मंदिर प्रसिद्ध आहे. ज्येष्ठातल्या मंगळवारी, म्हणजे इकडच्या 'बडा मंगल'ला, भर उन्हात भक्तांच्या रांगा लागतात. काही जण घरापासून मंदिरापर्यंत दंडवत घालत येतात, एका वेळी एका देहाच्या लांबीएवढे अंतर कापत. त्याच हनुमंताची किष्किंधाकांडातली गोष्ट आठवा. वानर समुद्रकिनारी येऊन अडले आहेत. एकेक जण आपण किती योजने उडू शकतो ते सांगतो. अंगद म्हणतो, शंभर योजने जाईन, पण परत येईन याची खात्री नाही. हनुमान मात्र एका बाजूला गप्प बसलेला असतो. जांबवान त्याच्याकडे जातो आणि तो कोण आहे, लहानपणी त्याने काय केले होते, हे त्याला ऐकवतो. गटाचे काम हे आहे. आपल्यातला जो गप्प बसला आहे त्याच्याकडे उठून जाणे, आणि त्याने पूर्वी काय केले आहे ते त्याला नेमके आठवून देणे. 'तू करशील रे' असे मोघम बोलून भागत नाही, प्रसंगासह सांगावे लागते.

या आठवड्याचा स्वाध्याय

एक साधी वही घ्या. जिथे आपण अडकलो आहोत असे वाटते अशी एकच गोष्ट निवडा, दोन नकोत. सात दिवस रोज रात्री चार-पाच ओळी लिहा: आज त्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडले, किती वाजता, सोबत कोण होते, गाडी कुठल्या वळणावर थांबली. 'मी आळशी आहे', 'मी वाईट वागलो' अशी विशेषणे लिहू नका, फक्त घटना लिहा. सुधारायचा प्रयत्नही या आठवड्यात करू नका. आठव्या दिवशी सगळे एकदम वाचा, आणि एकच छोटा बदल ठरवा. तो बदल वेळेचा असेल, जागेचा असेल, किंवा कोणाकडे तरी जाऊन विचारण्याचा असेल. तो तीन आठवडे करून पाहा. वही चालूच ठेवा. बदल लागू पडला नाही तर तेही लिहा आणि दुसरा निवडा.

ज्यांना रात्री उशिरापर्यंत अभ्यास किंवा पाळीचे काम असते त्यांनी सकाळी लिहिले तरी चालेल. गटात वाचताना आपल्याला हवी तेवढीच ओळ वाचा, पूर्ण वही कोणी मागू नये. ऐकणाऱ्यांनी या वेळी सल्ला द्यायचा नाही. त्यांनी एवढेच विचारायचे: "नेमके कधी?"